एका मुलीच्या दोन आया

व्हिसाच्या ऑफिसात किस्से शोधावे लागत नाहीत. लोक स्वतःच घेऊन येतात, साडीच्या दुकानाच्या पिशवीत, आधार कार्डाच्या झेरॉक्ससोबत. बोळिंजला एका बिल्डिंगच्या तळमजल्यावर आमचं ऑफिस आहे. सर, मी आणि एक प्रिंटर, जो फक्त सरांचं ऐकतो. बी.कॉम. करून इथे लागले तेव्हा वाटलं होतं, फॉर्म तर भरायचेत, त्यात काय! फॉर्ममधले प्रश्न सोपेच असतात हो. आपली वडीलधारी मंडळी उत्तरं देतात, तिथे घोळ होतो.

*

जोशीकाका आमच्याच कॉम्प्लेक्समधले, रिटायर्ड. अमेरिकेच्या व्हिसाला फोटोत चष्मा चालत नाही, हे त्यांना पटेना. चष्म्याशिवाय आपल्याला कोणी ओळखतच नाही, असं त्यांचं म्हणणं. शेवटी मीच त्यांना कोपऱ्यावरच्या स्टुडिओत घेऊन गेले. चष्मा काढून फोटो काढला. प्रिंट हातात आली तशी काकांनी चष्मा लावला, फोटो नीट न्याहाळला आणि फोटोग्राफरला परत दिला.

"हा दुसऱ्या कुणाचा तरी आलाय."

*

सांडोरचे पाटीलकाका आले ते एकदा नाकारलेला अर्ज घेऊनच. त्यांची केळीची वाडी आहे. मुलगी स्मिता कॅनडात, पहिलं बाळंतपण तोंडावर आलेलं, आणि तिला आई जवळ हवी होती. काका जाणार नव्हते. "केळीला पानी कोन देनार?" म्हणजे काकूंनी एकटीनेच जायचं. पहिला अर्ज पुतण्याने घरी बसून भरला होता. उत्तर आलं, मायलेकींच्या नात्याबद्दल खात्री पटत नाही.

मी काकूंना नाव विचारलं. काका म्हणाले, वैजयंती. माहेर कुठलं? काका म्हणाले, अर्नाळा. तब्येत? काका म्हणाले, ठणठणीत. मी पेन खाली ठेवलं.

"काका, व्हिसा काकूंचा आहे ना? मग त्यांना बोलू द्या की."

काकांनी काकूंकडे पाहिलं. काकू म्हणाल्या, "ते सांगतात ते बरोबर आहे."

माझं डोकंच फिरलं.

*

आधी व्हिसा नाकारला गेला असेल तर तो लपवायचा नाही, हे मी प्रत्येकाला बजावते. अर्ज परत करता येतो, पण खोटं पकडलं गेलं की संपलं. राजोडीला समुद्राजवळ खोल्या भाड्याने देणारे एक गृहस्थ बायकोबरोबर आले होते. त्यांना इंग्रजी प्रश्न कळेना, म्हणून मी मराठीत विचारलं, आजपर्यंत कुठून नकार आलाय का?

त्यांनी बायकोकडे चोरून पाहिलं, खुर्ची पुढे ओढली आणि आवाज खाली घेतला.

"लग्नाआधीचे पन लिहायचे?"

*

नावाचं स्पेलिंग सगळीकडे एकच हवं. हे वाक्य मी झोपेतसुद्धा म्हणत असेन. डिमेलोअंकल तिघं भाऊ. एकाच घरात राहतात आणि आडनावाची तीन स्पेलिंगं लिहितात. अंकलच्या स्पेलिंगमध्ये डी नंतर वर एक टिंब आहे, म्हणजे अपॉस्ट्रॉफी. ऑनलाइन फॉर्म ते टिंब घेईना. मी म्हटलं, पासपोर्टवरही नाहीये, काढून टाकते. अंकल उठून उभे राहिले.

"बाप्तिस्म्याला फादरने दिलेलं टिंब, तू कोन काढनारी?"

तासभर समजावलं. मग म्हणाले, "काढ, पण धाकट्याला सांगू नकोस. त्याने काढलं तेव्हा मी त्याच्याशी बोलणं सोडलं होतं."

*

पाटीलकाकांच्या फाइलीत सरांना काहीच चूक दिसेना. सरांचं एक तत्त्व आहे, कागद जास्त जोडले की फाइलला वजन येतं. मी म्हणते, कागद थोडे असोत, पण एकमेकांशी भांडणारे नसोत. मी सगळे कागद टेबलावर पसरले. आणि सापडलं! स्मिताच्या पासपोर्टवर आईचं नाव वैजयंती. स्मिताच्या जन्मदाखल्यावर आईचं नाव कमळ.

एका मुलीच्या दोन आया! कोण खात्री देणार?

मी स्मिताला फोन लावला. म्हटलं, तुझ्या घरात कमळ कोण? ती म्हणाली, कोणीच नाही. मग दाखला वाचून दाखवला तशी म्हणाली, बाबांनाच विचारा.

काकांना विचारलं, तर ते पंख्याकडे बघायला लागले. उत्तर दिलं काकूंनी. आमच्या ऑफिसात पहिल्यांदाच त्यांचा आवाज नीट ऐकू आला.

"मीच कमळ. लग्नात सासूबाईंनी नाव बदललं. स्मिता माहेरी झाली, नोंद करायला माझा भाऊ गेला. त्याने त्याच्या बहिणीचं नाव सांगितलं."

"आणि तुम्हाला कुठलं आवडतं?"

"मला कोणी विचारलं नव्हतं," काकू म्हणाल्या.

*

दोन्ही नावं एकाच बाईची, असं प्रतिज्ञापत्र करायचं ठरलं. सोबत काकूंच्या शाळेचा दाखला, त्यावर कमळ. वसईला नोटरीकडे गेलो. नोटरीबाईंनी काकांनाच विचारलं, कमळ आणि वैजयंती एकच ना?

"मला काय ठाव? मी तिला नावाने हाक मारलीच नाय कधी."

"मग काय म्हणता?"

"ऐकतेस काय, म्हनतो."

टायपिस्ट थांबला. "मॅडम, हे तिसरं नाव टाकायचं का?"

काकू इतक्या हसल्या की त्यांना पाणी द्यावं लागलं. काका तोंड फिरवून उभे राहिले, पण कान लाल झालेले मी पाहिले.

मग अर्जासोबतचं पत्र. सरांना 'आपला नम्र सेवक' छापाचं, दोन पानी हवं होतं. मी सरळ लिहिलं, आमच्याकडे लग्नात बायकोचं नाव बदलायची पद्धत होती, पहिलं बाळंतपण माहेरी होतं, म्हणून ही दोन नावं. आताही एक पहिलं बाळंतपण आहे आणि आईला लेकीजवळ जायचंय. सर म्हणाले, फार साधं झालं. मी म्हटलं, म्हणूनच कळेल.

व्हिसा आला. काकू वेळेत पोचल्या. मुलगी झाली.

*

परवा काका ऑफिसात आले. सोबत वाडीतली केळी वाळवून केलेल्या सुकेळ्यांचं पुडकं, आणि व्हिडिओ कॉल लावून दे म्हणून फर्मान. तीनदा शिकवलंय, पण स्वतः बटण दाबणार नाहीत. मी लावून दिला. स्क्रीनवर पाळणा दिसला, त्यात झोपलेलं बाळ. स्मिताने नाव ठेवलंय कमळ.

काकांनी फोन नाकाजवळ नेला. आधी नुसतेच खाकरले. सरांनी प्रिंटर थांबवला.

"कमळ," काकांनी हाक मारली. मग जरा मोठ्याने, "ए कमळ!"

बाळ हललं नाही. तिकडे आत कुठेतरी भांडं ठेवल्याचा आवाज झाला आणि काकू धावत स्क्रीनमध्ये आल्या, पदराला हात पुसत.

"काय हो?"

काका गडबडले.

"तुला नाय गं, तिला," ते म्हणाले. मग म्हणाले, "बरं, आलीयस तर थांब जरा."