मागे आभाळ हवं

कुठल्याही गोष्टीकडे बघायच्या आधी तो तिच्या मागे बघायचा. एक डोळा बारीक करून, मान जराशी तिरकी करून. फोटो काढायला उभं केलं की आम्ही दात काढून ताटकळत राहायचो आणि हा आमच्या खांद्यांवरून पलीकडे बघत विचारायचा, "मागं काय आहे?" मागे बहुधा कुणाचा तरी कचऱ्याचा डबा असायचा. मग सगळ्यांनी दोन पावलं डावीकडे सरकायचं. तोवर पोरं पळून गेलेली असायची.

एकाच सवयीत अख्खा मावणारा असा एखादा माणूस तुमच्याही शेजारात असेल. आमच्या शेजाऱ्याला ही सवय बदकांच्या शिकारीनं लावली होती. तो मूळचा कोल्हापूरकडचा. इथे ऑस्ट्रेलियात शिकायला आला, पीआर मिळवून कायमचा राहिला, काउन्सिलमध्ये गटारांची डिझाइन्स करू लागला आणि एका ऑस्ट्रेलियन सहकाऱ्याच्या नादानं शिकारी झाला. नाद पण रीतसर. बदकं ओळखायची परीक्षा दिली, लायसन्स काढलं, मग बंदूक.

आम्हाला पॉइंट कुकमध्ये घर परवडलं नाही म्हणून आम्ही फ्रीवेनं आणखी पुढे, गीलाँगच्या बाजूच्या नव्या एस्टेटमध्ये, म्हणजे नव्या वसाहतीत, गेलो होतो. शेवटच्या घरांमागे कुंपण आणि कुंपणापलीकडे मोठं पाणथळ तळं. एजंटनं 'लेक व्ह्यू' म्हणून तोंड भरून कौतुक केलं होतं. थंडीच्या तोंडावर तिथे शिकारीला परवानगी असते, एवढं सांगायचं मात्र तो विसरला.

मी जन्माची भित्री. सॉफ्टवेअर टेस्टिंग करते, म्हणजे काय काय बिघडू शकेल याचा विचार करायचा मला पगार मिळतो. घरी मी तेच काम फुकट करते. शेजारच्या घरात बंदूक आहे हे कळल्यावर माझी झोप उडाली. एस्टेटमधल्या आपल्या लोकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरही कुजबुज सुरू झाली. "फॅमिली एरिया आहे, यार," असं कुणीतरी लिहिलं. त्यावर यानं उत्तर दिलं, "रविवारी माझ्या गॅरेजमध्ये या. काय ते डोळ्यांनी बघा."

आम्ही गेलो. त्यानं भिंतीत ठोकलेलं लोखंडी कपाट दाखवलं, बंदूक उघडून रिकामी दाखवली. मी दारातच उभी.

"या की आत, वहिनी. बंदुकीला भिऊ नका. ती धरणाऱ्याला भ्या."

"म्हणजे तुम्हाला?"

"व्हय. मीपण मला भितो. म्हणून तर नियम."

घरांकडे नेहमी पाठ करून बसायचं, हा पहिला नियम. आणि दुसरा त्याचा लाडका होता. "बदक कितीबी जवळ येऊ दे. त्याच्या मागं आभाळ दिसलं तरच घोडा ओढायचा. मागं गवत दिसलं की हात खाली. गवतात कोण बसलंय, आपल्याला काय ठाऊक?"

कोपऱ्यात प्लॅस्टिकच्या बदकांचा ढीग होता. ही पाण्यावर सोडायची. "वरनं जाणाऱ्याला वाटतं, खाली मंडळी निवांत बसलीत, म्हणजे जागा बरी आहे. मग उतरतात." माझ्या लेकीनं त्यातलं एक मागून घेतलं आणि आठवडाभर त्याला टबात आंघोळ घातली. माझ्या नवऱ्यानं, जो आमच्या शाकाहारी घराचा 'बाहेर चालतं' विभाग सांभाळतो, त्याच गॅरेजमध्ये बदकाचा तांबडा रस्सा दोनदा वाढून घेतला. भीती माझी गेली नाही. पण पहाटे तळ्याकडून बार झाला की मी स्वतःला सांगायचे, तो आहे तिथे.

मग कोरोना आला. माझे सासरे, अप्पा, नातीला भेटायला पुण्याहून आले होते, ते इथेच अडकले. विमानं बंद, सीमा बंद. गृहस्थ अतिशय शांत. कानाला कमी ऐकू यायचं, पण श्रवणयंत्र बहुतेक वेळ डबीतच असायचं. "इथे ऐकण्यासारखं आहे काय?" म्हणायचे.

पुण्यात त्यांचे थोरले भाऊ कोरोनानं गेले. घरच्या कुणालाही चेहरा दिसला नाही. सगळं महापालिकेच्या माणसांनी केलं, आणि एकुलता एक मुलगा विलगीकरणात. अप्पा फोनवर पुतण्याला एवढंच म्हणाले, "दहावा मी करतो इथे. तू काळजी करू नकोस."

फोन ठेवून त्यांनी मला विचारलं, "इथे नदी कुठे आहे गं?"

"अप्पा, बाहेर कशाला? मागच्या अंगणात करा ना. मी घंगाळं भरून देते."

"आणि कावळा?"

आमच्या एस्टेटमधलं एकही झाड अजून माणसाच्या उंचीचं झालेलं नव्हतं. कावळ्यानं बसायचं कुठे?

दहाव्याच्या सकाळी नवरा हॉस्पिटलच्या शिफ्टला गेलेला होता. लेकीनं मला हलवून उठवलं. "आई, आजोबा इज नॉट इन हिज रूम."

स्वयंपाकघरात कुकर कोमट होता. काळ्या तिळाची बरणी उघडी. श्रवणयंत्र डबीत. मी ती डबी हातात घेऊन उभी होते आणि तळ्याकडून बार झाला.

कोरोनामुळे त्या वर्षी शिकार बंद होती, ती बंदी नुकतीच उठली होती. अप्पांना यातलं काहीच माहीत नव्हतं. शिकारीच्या पाट्या तळ्याच्या मोठ्या गेटवर होत्या, आणि ते गेले असणार कुंपणाच्या फटीतून. लेकीला घरातच थांब म्हणून ओरडले आणि मी स्लिपरवर धावत सुटले. डोक्यात एकच वाक्य फिरत होतं, नवऱ्याला काय सांगू, नवऱ्याला काय सांगू.

तळ्यावर धुकं होतं. गवताचा एक लांब पट्टा पाण्यात शिरतो, त्याच्या टोकाला अप्पा वाकलेले दिसले. करडी शाल, माकडटोपी. त्यांच्यासमोर, हात पुरेल इतक्या जवळ, बदकांचा घोळका शांत बसला होता. ती बदकं मी ओळखली. त्यातल्या एकाला माझ्या लेकीनं आंघोळ घातली होती.

अप्पांना ती खरी वाटली. इतकी पाखरं बिनघोर बसलीत, म्हणजे इथे कावळाही उतरेल, असा त्यांचा सरळ हिशेब. अख्ख्या तळ्यातली जी जागा बंदुकीच्या समोर होती, नेमकी तीच त्यांनी भावासाठी निवडली होती.

वरून थवा आला. पंख ताणून खाली उतरू लागला. बाजूच्या गवतातून बंदुकीची नळी वर आली आणि एका बदकाबरोबर हळूहळू खाली येऊ लागली. मी ओरडायला तोंड उघडलं. आवाजच फुटला नाही. मी, जी झुरळ दिसलं तरी गल्ली जागी करते, ती मी तिथे मुकी उभी होते. नळी आणखी खाली आली. गवताच्या शेंड्यांपाशी थांबली. आणि वळून जमिनीकडे गेली. बार झाला नाही.

मग गवतातून आमचा शेजारी उठून उभा राहिला. बंदूक उघडून, काडतुसं काढून त्यानं ती काठावर टाकली आणि "होल्ड फायर! होल्ड फायर!" ओरडत पाण्यात घुसला. "अप्पा, खाली बसा!" अप्पांना काय ऐकू येणार? उधळलेल्या थव्यावर पलीकडच्या काठावरून दुसऱ्या शिकाऱ्यांचे दोन बार झाले आणि छरे मूठभर तांदूळ टाकावेत तसे पाण्यावर टपटप पडले. तोवर यानं अप्पांना कवेत घेतलं होतं आणि आपली पाठ पलीकडच्या काठाकडे केली होती.

"अरे, हळू," अप्पा म्हणाले. "पिंड पाण्यात पडेल."

मी पोहोचले तेव्हा अप्पांना काय घडलं ते कळलेलंच नव्हतं. घरी चला म्हटलं तर ऐकेनात. मी रडत त्यांचा हात ओढत होते. त्यानं मला थांबवलं. पाण्यात उभा राहून तो पलीकडे ओरडला, "मेट, वी नीड हाफ ॲन आवर! ही लॉस्ट हिज ब्रदर!"

पलीकडून आवाज आला, "नो वरीज, मेट! टेक युअर टाइम!"

तळं शांत झालं. लांब एका खांबावर इथले ते लेकरासारखं रडणारे कावळे बसले होते, पण एकही हलेना. अप्पांनी हात जोडले. "वहिनींना अंतर देणार नाही." कावळा हलला नाही. "पोराचं सगळं मी बघेन." नाही.

कमरेएवढ्या गार पाण्यात उभा असलेला आमचा शेजारी त्यांच्या कानाशी वाकून म्हणाला, "अप्पा, त्यांचं दुसरंच काही राहिलं असंल."

अप्पांनी पाण्याकडे मान वळवली. मग म्हणाले, "दादा, मला येता आलं नाही रे." आणि आल्यापासून पहिल्यांदाच मोठ्यानं रडले.

कावळा कधी उतरला ते मी पाहिलं नाही. मी अप्पांना धरून बसले होते. पिंडाला चोच लागली, हे त्यानंच सांगितलं.

दुपारी तो आला, मास्क लावून, ड्राइव्ह-वेच्या टोकालाच थांबला. मी म्हटलं, "भाऊजी, तुम्हाला अप्पा दिसले म्हणून, नाहीतर..."

"मला ते दिसलेच नव्हते ओ, वहिनी."

"म्हणजे?"

"मागं गवत आलं म्हणून हात खाली केला. रोजच्यासारखा. ते गवतात आहेत, हे उठल्यावर कळलं. शाल आणि गवत एकच रंग." त्यानं हात हवेत धरून उंची दाखवली. "बदक हातभर वर असतं, तर मी ओढला असता."

नियम पाळणाऱ्या माणसाला नियमाची धार किती पातळ असते ते त्या दिवशी दिसलं होतं, आणि मला त्याच्याकडे बघवेना.

बंदूक त्यानं डीलरला परत दिली. पुढे डार्विनला नोकरी मिळाली तसा घर विकून गेला. विमानं सुरू झाल्यावर अप्पाही पुण्याला गेले आणि त्याच्या घरात एक तरुण जोडपं राहायला आलं.

पुढचा हंगाम उघडला त्या सकाळी पहिला बार झाला आणि माझ्या हातातलं भांडं पडलं. आता तिथे कोण बसलंय, कुणाला आभाळ दिसतंय आणि कुणाला नाही, मला काहीच माहीत नव्हतं. मी त्याला फोन लावला.

"हंगाम सुरू झाला, भाऊजी."

त्यानं विचारलं, "घरातली सगळी घरात आहेत?"

"आहेत."

"बघून सांगा."

फोन कानाला धरून मी प्रत्येक खोलीचं दार उघडलं. नवरा झोपला होता. लेक पांघरुणात होती. "आहेत," मी म्हटलं.

"बरं," तो म्हणाला, पण त्यानं फोन ठेवला नाही. मीही ठेवला नाही. तळ्यावर बार होत होते आणि प्रत्येक बाराला तिकडे डार्विनमध्ये त्याचा श्वास अडकलेला मला ऐकू येत होता.