मधमावशीची तापलेली गाडी

"थंड होऊ दे, मग बोलू."

मधमावशीचं हे ठरलेलं वाक्य. चहा असो, तापलेला शेजारी असो की गाडीचं इंजिन, तिचा न्याय सगळ्यांना सारखाच. भांडायला आलेली माणसं तिच्या पायरीवर बसून बसून विसरायची की आपण कशासाठी आलो होतो.

ती मधमाश्या पाळायची आणि जुनी पिकअप स्वतः चालवायची. तिचा नवरा शिंपी. त्याला चालवता यायचं ते फक्त शिवणयंत्र. गाडीत तो मांडीवर पिशवी घेऊन बसायचा आणि प्रत्येक वळणाला, पायाखाली नसलेला ब्रेक दाबायचा.

त्या सकाळी मागे मधपेट्या होत्या, तोंडं बंद केलेल्या. डोंगरमाथ्यावरच्या बागेला फुलं आली होती. ऊन चढायच्या आत पोहोचायचं आणि पेट्या उघडायच्या. उशीर झाला तर कोंडलेल्या माश्या आपल्याच उष्णतेने मरतात, आणि वर्षभराचा सांभाळ एका सकाळीत मातीमोल होतो.

अर्ध्या चढावर इंजिनच्या उष्णतेचा काटा लाल रेघेला टेकला.

"अगं, तो काटा..."

"दिसतोय. डोळे मलाही आहेत."

तिने गाडी कडेला घेतली. बॉनेट उघडताच वाफेचा लोट उठला. शिंप्याने फडकं काढलं आणि रेडिएटरच्या झाकणाकडे हात नेला.

"भाजून घ्या! मग माझे ब्लाउज कोण शिवणार? थंड होऊ दे, मग बोलू."

वाक्य तेच होतं, पण आज ते म्हणताना तिची नजर मागच्या पेट्यांवर होती. पेट्यांतली गुणगुण चढत चालली होती. धागा तुटायच्या आधी यंत्राचा आवाज असा चढतो, हे शिंप्याला ठाऊक होतं.

मावशी मात्र एकेक गोष्ट पाहत राहिली. रबरी पाइप फडक्याने चाचपले. कुठे गळत नव्हतं. पंख्याचा पट्टा अंगठ्याने दाबला; घट्ट होता. वाफ ओसरल्यावर तिने इंजिन क्षणभर चालू केलं. पंखा झोकात फिरत होता.

"रुमाल द्या तुमचा."

तिने तो गाडीच्या नाकापुढे धरला. पंख्याच्या ओढीने तो आत खेचला जाऊन चिकटायला हवा होता. तो दोरीवरल्या ओल्या कपड्यासारखा लोंबत राहिला. तिने इंजिन बंद केलं.

"हवा आत जातच नाही. पुढे अडलंय काय?"

शिंप्याने हातातल्या फडक्याची घडी घातली आणि परत उलगडली. मागच्या हंगामात रेडिएटरला चिकटून मेलेल्या माश्या वेचताना ती दिवसभर जेवली नव्हती. म्हणून त्याने बारीक जाळी शिवून रेडिएटरपुढे बांधली होती. एवढं तिला माहीत होतं.

"मी... यंदा दुसरा पदर लावला," तो म्हणाला. "पडद्याच्या कापडाचा. एकही माशी आत जाऊ नये म्हणून."

"पडद्याच्या?"

"चांगलं कापड होतं गं."

तिचा चेहरा लालबुंद झाला. आता आपली धडगत नाही, असं त्याला वाटलं. तिने फक्त हात पुढे केला. "कात्री."

जाळी बाहेर आली ती धुळीने आणि उडत्या म्हाताऱ्यांच्या कापसाने भरलेली, उशीसारखी. पाण्याचा कॅन एकच होता. निम्मं पाणी तिने पेट्यांवरच्या गोणपाटांवर ओतलं. उरलेलं, झाकण हाताला सोसवेल इतकं निवाल्यावर, इंजिन चालू करून थोडं थोडं रेडिएटरमध्ये सोडलं. मग आत बसून तिने हीटर पुरता पिळला.

"या उन्हात हीटर?"

"इंजिनची गरमी थोडी आपण वाटून घ्यायची." तिने झडप त्याच्या तोंडाकडे वळवली. "जाळी तुमची, वाटा तुमचा मोठा."

काटा थरथरत रेघेखाली आला आणि तिथेच राहिला. घामाने निथळत दोघं माथ्यावर पोहोचली.

तिने पेट्या उघडल्या. माश्या धारेसारख्या बाहेर पडल्या आणि फुलांकडे निघाल्या. शेवटच्या पेटीतून मात्र कोणी उडालं नाही. मावशीने लाकडाला कान लावला. बऱ्याच वेळाने चार-दोन माश्या सरपटत दाराशी आल्या आणि तिथेच धापा टाकत बसल्या.

"जगतील का गं?"

ती कॅन घेऊन उठली.

"अगं, मला शिव्या तरी दे."

"थंड होऊ दे, मग बोलू."

थंड व्हायचं ते इंजिन की ती स्वतः, हे त्याला कळलं नाही. त्याने अंगातला सदरा काढला आणि पेटीवर सावली धरली. हात भरून आले तरी खाली घेतले नाहीत. बागेच्या उतारावरून मावशी हौदाकडे भराभर चालली होती, रिकामा कॅन गुडघ्यावर आपटत होता, आणि उघडाबंब शिंपी सदऱ्याच्या कडेवरून तिच्या पाठीकडे बघत राहिला.