पाच विती संगमरवर

सणसरच्या आमच्या घरात संगमरवर आला, तेव्हा त्यावर सगळ्यात आधी झोपले ते माझे सासरे.

खरं तर तो माझ्या ओट्यासाठी आणला होता. नव्वदच्या दशकातली गोष्ट. लग्न होऊन मी बारामतीहून सणसरला आले, त्याला काही वर्षं झाली होती. घरात गॅस आला होता, पण शेगडी जमिनीवर! तिच्यापुढे पाट टाकून बसायचं. मीठ हवं की उठायचं, तेल हवं की उठायचं. (शाळेत चुकवलेल्या उठाबशा सासरी व्याजासकट भरून निघाल्या.) बारामतीत माझ्या मैत्रिणीकडे, शैलाकडे, संगमरवरी ओटा होता. पांढराशुभ्र, मधून करड्या रेघा. माहेरी गेले की मी तिच्याकडे जाऊन, गप्पांच्या निमित्तानं, त्यावर तळहात टेकून उभी राहायची. सणसरला परतले तरी तो गारवा हाताला आठवायचा. दागिने नकोत, साड्या नकोत, मला ओटा हवा होता!

"कडप्पा बसवू की," आमचे हे म्हणाले. "काळा असतोय, डाग दिसत न्हाईत."

"डाग दिसले तर दिसू देत," मी म्हटलं. "पण पांढराच!"

शेवटी एकदा यांनी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत, उसाच्या पाचटाची गादी करून, बारामतीहून एक लांबलचक लादी आणली. चौघांनी मिळून उतरवली. पण गवंडी पणदऱ्याचा, त्याला सवड होईना. तोवर लादी पडवीत विटांवर आडवी ठेवली, आणि तिथंच घोळाला सुरुवात झाली.

दुपारी बघते तर सासरे उघड्या पाठीनं तिच्यावर उताणे! सगळं गाव त्यांना तात्या म्हणे, मीही.

"तात्या, ती ओट्याची आहे हो!"

"आसू दे की, सूनबाई. पाठ काय गार पडलीया! उभा जलम मेंढरामागं हिंडलो, पर आसली जागा कुठं गावली न्हाय."

ते उठल्यावर मी ओल्या फडक्यानं लादी पुसत राहिले.

दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी, म्हणजे आत्याबाईंनी, लोण्याचा गोळा तिच्यावर ठेवून पाहिला. विरघळेना! मग रोज सकाळी लोणी, दुपारी तात्या, आणि संध्याकाळी तात्यांचे दोस्त पत्ते घेऊन. धाकटे दीर, बाळासाहेब, एक दिवस लादीकडे बघत म्हणाले, "वहिनी, ह्यातला हातभर तुकडा मला द्या. नावाची पाटी करतो. फाटकाला झ्याक दिसंल."

आमच्या घराला फाटकच नव्हतं. कुंपण होतं, तेही बोरीच्या काट्यांचं!

पाटीचं ऐकल्यावर आत्याबाई कशा मागं राहतील? "देवाला शहाबादी फरशी, आन् तव्याला संगमरवर? ह्यो कुठला न्याय? खंडोबाच्या देव्हाऱ्याखाली घाला ती!"

संगमरवराचे एवढे उपयोग असतात, हे मला बापजन्मी ठाऊक नव्हतं. गवंडी आला तोवर लादीवर गेरूच्या रेघा पडल्या होत्या. हा तुकडा देवाचा, हा पाटीचा, हा तात्यांच्या पाठीचा. मला उरली ती शेगडीपुरती जागा. मी आत जाऊन कांदा चिरायला घेतला, म्हणजे रडायला सोयीचं.

तात्यांनी मला पाहिलं असावं. बाहेर त्यांचा आवाज चढला, "लादीला हात्यार लावायचं न्हाय! पोरीनं आल्यापासनं येकच गोष्ट मागितलीया. वटाच हुईल."

आत्याबाई फुरंगटून गोठ्यात गेल्या. मी मात्र अशी हरखले की गवंड्यानं "वहिनी, वटा किती उंच?" विचारताच, शैलाकडे हातानं मोजून ठेवलेलं माप ठसक्यात सांगितलं, "पाच विती!"

"जरा उंच न्हाय व्हत?"

"बारामतीत एवढाच असतो!" असं म्हणून मी त्याच दिवशी आईला आणि शैलाला आणायला माहेरी गेले. पाहुण्यांना घेऊन परतले तेव्हा ओटा बांधून, धुऊन, फुलं वाहून तयार होता.

मी पाच विती मोजल्या होत्या. गवंड्यानंही पाचच मोजल्या. पण त्याचा पंजा म्हणजे फावडं! ओटा असा उंच झाला की त्यावर माझी हनुवटी टेकायचीच काय ती बाकी राहिली.

"अगं," आई हळूच म्हणाली, "हा ओटा आहे का माळा?"

शैला पदरात तोंड घालून हसायला लागली. भाकरी थापायला मी टाचा उंचावल्या. परातीतलं पीठ दिसेना. चाचपडत भाकरी थापली, ती एका बाजूनं पापड आणि दुसऱ्या बाजूनं उशी! माझे कान लाल झाले. इतकी वर्षं जे मागितलं ते मिळालं, आणि सगळ्या माहेरासमोर माझं हसं झालं.

तेवढ्यात मागून आत्याबाई आल्या. स्टूल ओढलं, पदर खोचला, आणि सरळ ओट्यावर चढून मांडी घालून बसल्या.

"आन्न काय उभ्यानं करत्यात व्हय?" त्या माझ्या आईला म्हणाल्या. "बसून करायसाठीच उंच बांधून घेतलाय आमी. ये गं, तू बी ये वर."

मी चढले! शेगडीच्या अलीकडं त्या, पलीकडं मी. वरून भाकरी थापून खाली ताटांत टाकल्या. तात्या मान वर करून जेवले.

पुढं कितीतरी वर्षं आम्ही दोघी तशाच बसलो. लादीवर हळदीचे पिवळे डाग पडले, चिंचेनं तिची चकाकी खाल्ली. आत्याबाई सांगत, "तरणीपणी मेंढरासंगं हिंडलो. रोज नव्या रानात तीन दगडं मांडायची, आन् सकाळी मोडायची. आता हितनं मला कुणी उठवायचं न्हाय." मी हसायची. आता आत्याबाई नाहीत. तो ओटाही घर पाडताना गेला. आज घरात मापाचा, काळा, चकचकीत ग्रॅनाइट आहे. मी त्यापुढं एकटी उभी राहून भाकरी करते, आणि शेगडीच्या पलीकडं बघायची सवय काही जात नाही. फार आठवण येते हो त्यांची.

मागच्या महिन्यात मुलानं वेगळं घर बांधायला काढलं. सूनबाईनं फोन केला, "आई, ओटा केवढा घेऊ? संगमरवरी घेतेय."

"दोघी मांडी घालून बसतील एवढा लांब घे," मी म्हटलं. "उंची तेवढी मला विचारू नकोस!"