वेगळा पेला

नातू व्यायाम करून आला की बाटलीत दूध घेऊन त्यात कसली पावडर घुसळून पितो, आणि त्या कच्चट वासाने मला डोंबिवलीतली आमची चाळ आठवते. देश नुकता स्वतंत्र झाला होता, माझ्यासाठी मुली बघणं चाललं होतं आणि माझं पोट सुटलं होतं, म्हणून मी तालमीत जाऊ लागलो. चरबी उतरली तरी ताकद राहावी म्हणून वस्तादांनी जोर-बैठकांनंतर दुधात कच्चं अंडं फेटून प्यायला सांगितलं. आमच्या घरात अंडं म्हणजे विटाळ. आईने नाक मुरडून मला वेगळा पेला दिला. तो मीच विसळायचा आणि मागच्या खिडकीत पालथा घालायचा. हळूहळू अंग उतरलं. एकदा शेजारच्या काकूंना खिडकीखाली अंड्याचं टरफल दिसलं. आई घाईने म्हणाली, "अहो, डॉक्टरांनी औषध म्हणून सांगितलंय." काकूंनी टरफलाकडे पाहिलं, वेगळ्या पेल्याकडे पाहिलं, मग माझ्या ढगळ झालेल्या सदऱ्याकडे. "खोकला कधीपासून आहे?" त्यांनी हळूच विचारलं. क्षयाच्या रोग्याला तेव्हा दूध-अंडीच सांगत. दुसऱ्या दिवसापासून त्यांची मुलं आमच्या दारात फिरकली नाहीत, आणि रविवारी मुलीकडचे यायचे होते तेही आले नाहीत. मग अंडं सुटलं, तालीम सुटली, आणि मी पुन्हा गुबगुबीत दिसेपर्यंत आई माझ्या भातावर तूप ओतत राहिली. आता सून नातवाची ती बाटली वास येतो म्हणून खिडकीत वेगळी ठेवते, आणि ती आत गेली की मी बाटली उचलून सगळ्यांच्या भांड्यांत ठेवून देतो.