उताण्या दगडाची राखण

आमच्या भाऊजींना कामावर सगळे 'जैसे थे' म्हणतात. सोनं शोधणाऱ्या कंपनीत ते भोकं बुजवतात. कंपनी डोंगरावर यंत्राने खोल भोक पाडते, आतला दगड दांड्यासारखा उपसून काढते, त्यात सोनं आहे का बघते आणि बहुतेक वेळा तोंड पाडून पुढे जाते. मागे उरतात भाऊजी. 'आम्ही आलो होतो हे जमिनीला कळणारही नाही', अशी कंपनीची पाटीच आहे. साहेबलोकांनी ती वाचून सोडून दिली, भाऊजींनी मनावर घेतली. मी तिथे जीप चालवतो, म्हणून हे डोळ्यांनी बघितलेलं सांगतोय.

भोक पाडायच्या आधी भाऊजी गवताचे चौकोन कापून क्रमाने मांडून ठेवतात. वरची माती वेगळी, खालची वेगळी. कुठल्या दगडाची शेवाळाची बाजू कुठे होती, तेही लक्षात ठेवतात. भोक बुजलं की सगळं होतं तिथे, होतं तसं. एकदा त्यांनी एक गोगलगाय उचलून बाजूला ठेवली होती, तीही काम संपल्यावर शोधून जागेवर आणून सोडली. ती बिचारी तोवर कुठे निघाली होती, हे तिला कोण विचारतंय!

घरीही तेच. ताईने हौसेने कपाट खिडकीपाशी नेलं, तर संध्याकाळी यांनी मुकाट्याने मूळ जागी ढकललं. भांडण झालं, तर ते ओसरल्यावर भाऊजी भांडणाच्या आधीच्या वाक्यापासून पुढे बोलायला लागतात. "हां, तर दूध तापवलंस का?" ताई कपाळावर हात मारून घेते.

गेल्या वर्षी तपासनीस आला. त्याने बुजवलेलं भोक बघून प्रमाणपत्र दिलं तरच नवीन भोकं पाडायची परवानगी. नवीन भोकं नाहीत, तर भाऊजी घरी. त्या सकाळी ताईने मला दारातच धरलं.

"त्यांना फार बोलू देऊ नकोस. काम गेलं तर हा माणूस दिवसभर माझं घर जागेवर ठेवत बसेल!"

डोंगरावर तपासनीसाने हातातल्या यंत्रात जागा बघितली, मग गवत बघितलं.

"भोक कुठाय?"

"तुम्ही उभे आहात तिथेच," भाऊजी म्हणाले आणि कौतुकाची वाट बघत राहिले.

"मला तर दिसत नाही."

"नाहीच दिसणार, साहेब."

"अहो, मग बुजवलंय हे मी कशावरून म्हणू? बुजवल्याची काही खूण नको?"

"खूण राहिली तर बुजवलं कसं म्हणायचं?"

तपासनीस गाडीकडे वळला. मी भाऊजींना कोपराने ढोसलं. "ताईचा तरी विचार करा!"

भाऊजी खाली बसले. एक शेवाळलेला दगड उचलून त्यांनी बराच वेळ हातात धरला आणि उलटा ठेवला. त्याचं पांढरट, ओलं पोट वर आलं. खरं सांगतो, मला भरून आलं. या माणसाने कामात केलेली ही पहिली लबाडी.

"आता कसं! याला म्हणतात जबाबदार काम," तपासनीस खूश झाला. त्याने फोटो काढला आणि बजावलं, की पुढच्या तपासणीपर्यंत ही खूण हलता कामा नये.

झालं! दगड राखायचं काम भाऊजींच्याच गळ्यात पडलं. बकरीच्या धक्क्याने तो सुलटा झाला, की यांनी डोंगर चढून जाऊन पुन्हा उताणा करायचा. त्यांचं जेवणावरचं लक्ष उडालं. ताईने मुद्दाम कपाट खिडकीपाशी नेलं, तर त्यांनी बोटही लावलं नाही. तेव्हा मात्र ती घाबरली.

"अरे, कपाट अजून तिथेच आहे रे," ती फोनवर म्हणाली आणि रडायला लागली.

यंदा तोच तपासनीस आला. पुन्हा यंत्र बघितलं, गवत बघितलं.

"खूण कुठाय?"

दगड जागेवरच होता, उताणाच होता. पण पावसाळ्यात त्याच्या पोटावर हिरवंगार शेवाळ चढलं होतं, कडेने गवत आलं होतं. आजूबाजूच्या दगडांत तो पार मिसळून गेला होता.

"दाखवा ना भाऊजी," मी कुजबुजलो. "पायाशीच तर आहे."

भाऊजी दगडाकडे बघत राहिले. मग वर्षभरात पहिल्यांदा हसले.

"मला काही दिसत नाही बुवा," ते तपासनीसाला म्हणाले. "तुम्हाला?"

तपासनीस तडक गाडीत जाऊन बसला. भाऊजींचं काम गेलं.

मी त्यांना घरी सोडलं, तेव्हा ताई दारातच उभी होती. भाऊजी तिच्या शेजारून आत गेले, खांदा लावून कपाट मूळ जागी ढकललं आणि हात झटकत वळले.

"हां, तर दूध तापवलंस का?"

ताईने माझ्याकडे बघितलं. कामाचं काय झालं, हे तिने विचारलंच नाही.

"तापवलंय," ती म्हणाली आणि पदराने डोळे पुसत कप काढायला गेली.