रबराला काय लावलंत?

माणूस गेला की भेटायला येणारे पहिले दोन-तीन दिवस गप्प बसतात. मग किस्से सुरू होतात. विलासला, माझ्या नवऱ्याला, जाऊन सात महिने झाले, तरी अजून कुणी ना कुणी चहा घेता घेता एखादा सांगतोच. मी शाळेत मराठी शिकवते. गॅरेजमधलं मला पूर्वी काही कळत नव्हतं, आता बरंच कळतं.

आगरदांड्याच्या जेट्टीकडे जाणाऱ्या रस्त्यावर त्याचं गॅरेज. तापलेल्या गाड्या हटकून त्याच्याकडे यायच्या. शेवटची दोन वर्षं डॉक्टर सांगत होते, हृदय थकलंय, काम थांबवा. मीही रोज तेच सांगायचे. तो रोज म्हणायचा, "एवढी एक गाडी."

प्रत्येक गाडीत त्याचा हट्ट मात्र एकच. रेडिएटरच्या पाइपांच्या सांध्यात रबरी रिंग असते. कोरडी बसवली तर ती चिरते, म्हणून काहीतरी निसरडं लावावं लागतं. ते काय असावं, यावर तो कुणाशीही भांडायला तयार असे.

* * *

रऊफ वीस वर्षं त्याच्याबरोबर. दिघीहून रोज सकाळच्या फेरीबोटीने यायचा. कामाला लागला त्याच आठवड्यात त्याने रिंगला चाकाचं ग्रीस फासलं. विलासने ती रिंग काढून ग्रीसच्या डबीत बुडवून ठेवली. आठवडाभराने बाहेर काढली आणि नव्या रिंगशेजारी मांडली. डबीतली चांगली फुगली होती, बोटाने दाबली तर मऊ.

"ही तुझी, ही माझी. बघ."

रऊफने दोन्ही निरखून पाहिल्या. "शेठ, माझी तब्येतीला बरी वाटते."

त्याच दिवशी विलासने त्याला कायमचं ठेवून घेतलं.

* * *

नानांची मुरुडला नारळी-सुपारीची वाडी. गाडी दुरुस्तीला आणली तेव्हा खोबरेलाची बाटली घेऊनच आले.

"हे लाव. घरच्या नारळाचं आहे. भेसळ नाही."

"डोक्याला लावा, नाना. रबराला नको."

"माझ्या तेलात काय खोट आहे?"

"तेलात काही नाही. रबराला तेल सोसत नाही."

नानांना राग आला. गाडी तशीच घरी नेली आणि पाइप स्वतःच बसवला, खोबरेल लावून. दोन महिन्यांनी टेम्पोमागे दोरी बांधून गाडी परत आली. विलासने पाइप काढला, तेल पुसलं, नवी रिंग घेतली. नाना बाजूला उभे.

"बोल की काहीतरी."

"बोललो होतो."

* * *

पुण्याचं एक कुटुंब दिघीची बोट गाठायच्या घाईत होतं. रबराला चालणारं सिलिकॉनचं ग्रीस संपलेलं. विलास रऊफला म्हणाला, "कूलंट आण." ते गृहस्थ मोबाइल पुढे करून म्हणाले, "अहो, या व्हिडिओत पेट्रोलियम जेली लावतात."

"त्याची गाडी कुठे आहे?"

"कुणाची?"

"व्हिडिओवाल्याची. चालू आहे का अजून?"

मग त्याने रिंग कूलंटमध्ये, रेडिएटरात फिरतं त्याच पाण्यात, बुडवली आणि अलगद बसवली. "जन्मभर ज्यात राहायचंय, त्यातच भिजवायची," म्हणाला. त्या बाई नवऱ्याला हळूच म्हणाल्या, "ऐका." बोट मात्र चुकलीच.

* * *

हा किस्सा माझा स्वतःचा. कुकरची रिंग घट्ट झाली म्हणून मी तिला तेलाचा हात लावला. विलास पाणी प्यायला आत आला आणि ओट्यापाशीच थबकला.

"तेल लावलंस?"

"थोडंसं."

त्याने रिंग साबणाने धुतली, पुसली, उजेडात धरून सगळीकडून पाहिली. त्याच सकाळी मी त्याला हृदयाच्या गोळीची आठवण केली होती. ती गोळी तिथेच, ओट्यावर पडली होती. मी त्याला ती दाखवली.

"घेतो," म्हणाला, आणि रिंग पुन्हा एकदा पाहिली.

* * *

आषाढात एका सकाळी गॅरेजच्या बाकड्यावर बसून तो चपलेचा पट्टा सैल करत होता. पट्टा शेवटच्या भोकापर्यंत आला, तरी पाय आत जाईना. रऊफ बघत होता.

"शेठ, पाय फुगलेत. काय लावलंत?"

विलास हसला. रऊफ हसला नाही. त्याने शटर खाली ओढलं, कुलूप घातलं आणि मला शाळेत फोन केला.

"वहिनी, मी गॅरेज बंद केलंय. शेठ बाहेर बाकड्यावर हायेत. तुम्ही लवकर या, ते चावी मागतायत."

* * *

अंगात पाणी साठलं होतं. अलिबागला दवाखान्यात नेलं. लघवीची नळी घालायची म्हणून मला पडद्याबाहेर उभं केलं. आतून सिस्टरचा आवाज आला.

"काका, अंग सैल सोडा."

मग विलासचा, धापा टाकत. "नळी रबराची का?"

"हो."

"तिला काय लावताय?"

"जेली."

"कसली?"

सिस्टर ट्यूब उलटून वाचत असावी.

"पाण्यातली आहे, काका. तेल नाही यात."

"मग घाला."

थोड्या वेळाने ती ट्रे घेऊन बाहेर आली.

"काका डॉक्टर आहेत का?"

"मेकॅनिक."

"म्हणाले, बसवल्यावर दहा मिनिटं कुणीतरी समोर उभं राहा, गळतंय का बघायला. मला दुसरे पेशंट आहेत हो. तुम्ही बघाल?"

मी पडदा सारून आत गेले आणि उभी राहिले.