रावबहादुरांच्या नावाची तिळवडी

आमच्या घराण्यात कुणाचंही नाव आजवर दगडावर कोरलं गेलेलं नाही. दुसऱ्याचं कोरलेलं मात्र आम्ही पुसलं.

ही दुसऱ्या महायुद्धाच्या आधीची गोष्ट. लोणावळ्याहून जवळच्याच औंढे गावाला जाणाऱ्या वाटेवर कंदिलाच्या काचा करणारा एक जुना कारखाना होता आणि मी तिथे हंगामी कारकून होतो. कुठल्याशा स्वदेशी मंडळाला एकाएकी त्या जुन्या इमारतीचा गौरव करायची लहर आली. गौरव म्हणजे दर्शनी भिंतीवर संगमरवरी पाटी! (छपराचे पत्रे गळत होते, पण गळणारे पत्रे बदलण्याला कुणी गौरव म्हणत नाही.) पाटीवर कारखान्याचं नाव बारीक अक्षरांत आणि पडदा ओढायला येणाऱ्या रावबहादुरांचं ठसठशीत अक्षरांत. भट्टीपुढे गाल फुगवून ज्यांनी जन्मभर काच फुंकली, त्यांची नावं अर्थातच नव्हती. संगमरवर महाग असतो!

समारंभ संक्रांतीला होता. पाटी आधीच आली, तेव्हा मी पुढे सरसावलो.

"साहेब, इथे कुणाचा धक्का लागेल. माझ्या घरी ठेवतो. डोळ्यांत तेल घालून जपतो!"

मॅनेजरसाहेब म्हणाले, "जपा. समारंभ नीट पार पडला, की तुम्हाला कायम करतो."

घरी मी आणि मला लहानाचा मोठा करणारी माझी आत्या, दोघंच. पाटी बैलगाडीतून उतरवल्यावर मी सगळ्या आळीला बोलावून ती वाचून दाखवली, जणू रावबहादूर माझे सख्खे मामा! मग आत्याला बजावलं, "आत्या, हा दगड साधासुधा नाही."

आत्यानं त्यावरून हात फिरवला. "व्हय रं. लय गुळगुळीत हाय."

मला वाटलं, कौतुक करतेय!

दुसऱ्या दिवशी दुपारी कारखान्यात तोरणं बांधून घरी आलो, तर दारातच गुळाचा खमंग वास. आत जाऊन बघतो तो पाटी जमिनीवर आडवी, तिला तूप फासलेलं आणि वर तीळगुळाचा पाक थापून आत्या लाटणं फिरवतेय.

"आत्या! अगं हे काय?"

"वड्या. समद्या कारखान्याला वाटायच्या म्हनला व्हतास न्हवं? परातीत एवढ्या कशा मावतील?"

"अगं, पण निदान मागच्या बाजूला तरी..."

"मागं खरबरीत हाय. तितं कोन थापंल?"

कडेची एक कापलेली वडी मी उचलून उलटी केली. अक्षरांत काजळी आणि डिंक भरला होता, तो गरम पाकानं साफ उचलला होता. पाटी पांढरीफटक! वडीवर मात्र काळीभोर, उलटी अक्षरं.

"नक्षी बग कशी उठलीय!" आत्या खूश.

मी ओलं फडकं फिरवलं. पण अक्षरांच्या खोबणीत बसलेला पाक निघेना. अक्षरं भरणारा रंगारी पुण्याला निघून गेलेला. साहेबांना सांगावं, तर नोकरी गेली. मग असल्या प्रसंगी धैर्यवान पुरुष जे करतो तेच मी केलं. गप्प बसलो.

संक्रांतीच्या सकाळी पाटी भिंतीत बसवताना गवंडी म्हणाला, "भाऊ, अक्षरं कुटं गेली?"

"वाळल्यावर दिसतात."

"असं व्हय!" (त्याला पटलं. त्यामुळे मलाही थोडं पटलं.)

पाटीवर पडदा टाकला. रावबहादूर उशिरा आले आणि स्वदेशीवर भरपूर बोलले, विलायती सुटात. ऊन चढलं. अखेर त्यांनी दोरी ओढली. मी डोळे मिटले, आणि टाळ्यांचा कडकडाट झाला!

डोळे उघडतो तो काय! पाटीवर काळीकुळकुळीत, रेखीव अक्षरं! साहेबांनी चक्क माझी पाठ थोपटली. आपलं नाव जवळून वाचावं म्हणून रावबहादुरांनी पाटीवर हात टेकला.

"अहो... हे अक्षर हलतंय!"

मग सगळंच नाव हललं. खोबणीत पाक चाटत बसलेल्या मुंग्या रावबहादुरांच्या बोटांवरून बाहीत शिरल्या आणि रावबहादूर स्वदेशी नाच नाचू लागले. तेवढ्यात वडी चघळणारा एक भट्टीवाला ओरडला, "सायेब, ह्यांचं नाव हितं वडीवर हाय! पन उलटं!"

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. "हे काय आहे?"

"मुंग्या, साहेब."

"त्या दिसतायत मला!"

वड्यांचे डबे घेऊन आलेल्या आत्यानं मात्र रावबहादुरांना खुर्चीत बसवलं, पाणी दिलं आणि हातावर वडी ठेवली. "खा बाबा. सनाच्या दिशी रागावू न्हाई." त्यांनी स्वतःचं निम्मं नाव खाल्लं. मग उरलेलं खाल्लं. मग विचारलं, "बाई, या वड्या कुणी केल्या?"

त्याच दिवशी साहेबांनी शब्द पाळला आणि कायम केलं. आत्याला! दर संक्रांतीला कारखान्याच्या वड्या तिच्याकडे.

"पण डबे इथवर आणणार कोण?" साहेबांनी विचारलं.

आत्यानं माझ्याकडे बोट दाखवलं. "ह्यो हाय की. आता मोकळाच हाय."